आतली कडी

फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या छपरावर बसलो होतो. लोक लिफ्टच्या आत उभे राहतात, आम्ही दुरुस्तीवाले तिच्या डोक्यावर बसतो. हाताला ग्रीस होतं म्हणून मी फोन वाजू दिला. बंद पडला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला, तेव्हा पँटला हात पुसून उचलला.

"दादा, वहिनी उठत नाहीये."

माझी बहीण. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते.

"फिट आली का?"

"माहीत नाही. मी आले तेव्हा पालथी झोपलेली होती. हाका मारल्या, हलवलं. दादा, हात गार लागतोय."

"कुशीवर कर. अँब्युलन्सला फोन कर. मी निघालो."

कुशीवर कर, फोन कर, मी निघालो. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं. पण गार हा शब्द त्यात कधी आला नव्हता.

वरच्या मजल्याचं दार आम्ही कामासाठी उघडं ठेवलं होतं. माझ्या जोडीदाराला सगळे मामा म्हणतात. तो म्हणाला, "तू पळ, मी बघतो सगळं." तरी मी दार ओढून घेतलं आणि लॉक पडलं का ते हलवून बघितलं. उघड्या दारातून माणूस सरळ खाली जातो. हाताला लागलेली सवय आहे, ती डोक्याला विचारत नाही.

घरी पोचलो तर अँब्युलन्सबरोबर आलेली एक तरुण डॉक्टर माझ्या बायकोच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती. पलंगावरून तिला जमिनीवर घेतलं होतं. शेजारी एक छोटा पडदा होता, आणि त्याच्या वायरी तिच्या अंगाला चिकटवलेल्या होत्या. डॉक्टर थांबली, पडद्याकडे बघू लागली. आम्हीही बघितलं. पडद्यावर बारीक उभ्या रेघा सरकत होत्या. सारख्या अंतरावर, एकामागून एक.

"चालू आहे!" बहीण ओरडली. "दादा, बघ, चालू आहे!"

मलाही तसंच वाटलं. मी एक पाऊल पुढं टाकलं.

डॉक्टरनं तिच्या मानेवर बोटं ठेवली आणि बराच वेळ ठेवली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "यांना पेसमेकर बसवलाय ना?"

"हो."

"हे त्याचं आहे, काका. मशीन अजून इशारा देतंय. हृदय उत्तर देत नाहीये."

"देईल ना पण?" बहीण म्हणाली. "ते मशीन देतंय ना इशारा. मग देईल की."

डॉक्टरनं पुन्हा दाब द्यायला सुरुवात केली. ते बहुधा आमच्यासाठी होतं. मी लिफ्टचं काम करतो. कंट्रोलरमधून सिग्नल जातोय आणि मोटर हलत नाही, म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. मी दाराजवळ खाली बसलो. शिलाई मशीनवर निळ्या पडद्याचं कापड सुईखाली तसंच होतं. अर्धी शिवण झाली होती. जेवल्यावर जरा पडते आणि मग उरलेला संपवते, असं ती सकाळी म्हणाली होती.

*

लग्न ठरत होतं तेव्हा आम्ही दोघं एका बागेत भेटलो होतो. ती बसायच्या आधीच म्हणाली, "घरच्यांनी सांगू नको म्हटलंय, म्हणून सांगते. मला फिट येते."

मी विचारलं, "मग काय करायचं असतं?"

"कुशीवर करायचं. तोंडात चमचा वगैरे घालायचा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि शुद्धीवर आले की काय झालं, काय झालं, असं विचारायचं नाही. मला माहीत नसतं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि बाथरूमला आतून कडी नको."

तिनं हे घरमालक भाडेकरूला अटी सांगतो तसं सांगितलं. मला ती तेव्हाच आवडली. घरी येऊन मी आईला होकार सांगितला, कारण मात्र सांगितलं नाही.

हे घर मिळालं त्या आठवड्यात मी बाथरूमची आतली कडी काढली. स्क्रूच्या भोकांत पुट्टी भरून वरून रंगाचा हात मारला. तेव्हापासून ते दार नुसतं लोटलेलं असतं. आत कुणी आहे हे कळावं आणि ती बरी आहे हेही कळावं, म्हणून ती अंघोळ करताना गुणगुणत राहायची. गाणं असं काही नव्हतं, नुसता सूर. सूर थांबला की बाहेर जो असेल त्यानं हाक मारायची.

"काय गं?"

"आहे, आहे! तोंडाला साबण लावू की नको?"

लेक शाळेत जायला लागली तसं हे काम तिच्याकडे आलं. ती दाराबाहेर पाटावर बसून पाढे म्हणायची, आणि आतून आई तिच्याबरोबर म्हणायची. आईनं मध्येच सोडलं तर लेकीनं दार ढकलायचं. तिचे सगळे पाढे त्या दारात पाठ झाले. एकदा शाळेत बाईंनी पाढा म्हणायला सांगितला तर ही म्हणाली, "आधी नळ सोडा."

ही गोष्ट माझी बायको येईल त्याला सांगायची आणि हसायची. पण एकदा, लेक मोठी झाल्यावर, टॉवेल घेऊन बाहेर येता येता ती मला म्हणाली, "एकदा आवाज न करता अंघोळ करायचीय हो मला. कडी लावून. गप्प."

मी म्हटलं, "त्यात काय एवढं?"

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही रोज करता."

*

तिला दोन तऱ्हेच्या फिट यायच्या. त्यांना तिनं नणंदा म्हणून नाव दिलं होतं. कधीही न सांगता येतात, घर डोक्यावर घेतात आणि गेल्यावर आपणच दमून पडायचं, म्हणून. जिच्यात अंग झटके घ्यायचं, दात आवळले जायचे, डोळे वर जायचे, ती मोठी. जिच्यात यातलं काही नसायचं, ती धाकटी.

माझ्या बहिणीनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारलं, "आणि मग मी कोण?"

"तुम्ही तिसऱ्या, वन्सं. तुम्ही निदान जिन्यातून ओरडत येता."

मोठीची सगळ्यांना धास्ती होती. पडदे शिवायच्या कारखान्यात ती कामाला होती, तिथं मोठी आली तेव्हा कापायच्या टेबलाजवळच्या बायका पळून गेल्या. दुसऱ्या दिवशी मालकानं गोड बोलून सांगितलं की काम घरी नेत चला. विजेचं मशीन नको म्हणून मी तिला जुनं पायाचं मशीन आणून दुरुस्त करून दिलं. पाय थांबला की सुई थांबते. तिनं त्यावर किती खिडक्या झाकल्या असतील. रस्त्यानं जाताना वर बघून म्हणायची, "ती तिसऱ्या मजल्यावरची चूण माझी."

मग नवीन गोळ्या सुरू झाल्या आणि मोठीचं येणं कमी झालं. महिनोन्महिने ती फिरकायचीच नाही. धाकटी मात्र वाढली. बोलता बोलता बायको मध्येच थांबायची. ओठ चघळल्यासारखे हलायचे, एका हातानं मांडीवरचं कापड चिमटीत धरून सोडायची, पुन्हा धरायची. मग चेहरा पांढरा पडायचा आणि खुंटीवरून कपडा घसरावा तशी ती खाली यायची. झटके नाहीत, फेस नाही. जरा वेळानं डोळे उघडून म्हणायची, "आली होती वाटतं धाकटी?"

आम्हाला त्याचं बरंच वाटायचं. मोठी गेली, धाकटीवर भागलं. बहीण म्हणायची, "ही बरी आहे बाई, गुणी आहे. आवाज नाही, काही नाही." बायकोही म्हणायची, "हिचं मी करीन, मोठी नको." आमच्या घरात धाकटी आली की घाबरायचं नाही असा नियमच झाला होता. लेक तर चहाचा कप हातातून काढून घ्यायची, आईला अलगद टेकवायची आणि कप परत द्यायला शेजारी बसून राहायची.

पण धाकटी पाडायची. एकदा मनगट मोडलं. एकदा पुढचा दात गेला. एकदा मशीनच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं आणि टाके पडले. मनगटाचं प्लास्टर काढायच्या वेळी हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. म्हणाले, इतक्यांदा पडणं बरं नाही.

मॅडम आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्या विचारत होत्या, मी सांगत होतो. धाकटीचं सांगताना मी म्हटलं, "आधी कापड चिवडते, मग पांढरी पडते, मग पडते."

मॅडमनी लिहायचं थांबवलं. "पांढऱ्या? निळ्या नाही?"

"पांढरी. चुना लावल्यासारखी."

"आणि पडताना अंग कडक होतं की ढिलं?"

"ढिलं. पार ढिलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला यांची ती धाकटी बघायचीय."

*

त्यासाठी तिला हॉस्पिटलात ठेवलं. डोक्याला वायरी, छातीला वायरी आणि समोर भिंतीवर कॅमेरा. गोळ्या कमी केल्या होत्या. आता फक्त फिट यायची वाट बघायची. पहिला दिवस गेला, काही नाही. दुसराही गेला.

"आयुष्यभर येऊ नको, येऊ नको म्हटलं," ती म्हणाली, "आता एवढं आमंत्रण दिलं, माणसं लावली, कॅमेरा लावला, तर रुसून बसलीय."

नर्स हसली. "ताई, तुम्ही तिला घाबरवलं असेल."

"मी कशाला? डोक्याला एवढ्या वायरी बघून तीच म्हणाली असेल, इथं जागा कुठाय."

ती आली तिसऱ्या दिवशी, दुपारचा चहा येण्याआधी. मी शेजारीच होतो. ओठ हलले, चादर चिवडायला लागली, पांढरी झाली, मान कलली. एरवीसारखंच. मी नेहमीप्रमाणे तिच्या खांद्याखाली हात घातला. पण बाहेरून नर्सेस पळत आल्या. इतक्या जोरात पळत आल्या की मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, "अहो, काही नाही, धाकटी आहे ही."

संध्याकाळी मॅडमनी आम्हाला दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर ते सगळं परत दाखवलं. एका बाजूला बायकोचं चित्र, दुसऱ्या बाजूला रेघा. वरच्या पुष्कळ रेघा मेंदूच्या होत्या आणि अगदी खालची हृदयाची. आधी वरच्या रेघांतल्या काही बिथरल्या. मग खालची रेघ भराभर उड्या मारायला लागली.

"इथपर्यंत नेहमीचं," मॅडम म्हणाल्या. "फिट आली की बहुतेकांचं हृदय धावतं. आता बघा."

खालच्या रेघेच्या उड्या लांब लांब पडायला लागल्या. एक. मग बऱ्याच वेळानं एक. मग रेघ सपाट झाली. ती सपाट रेघ पडदाभर सरकत गेली आणि चित्रात माझी बायको कलंडली. चित्रातला मी तिच्या खांद्याखाली हात घालत होतो. निवांत, उशी नीट करावी तसा. रेघ सपाटच होती.

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती माझ्या शेजारी बसून चहा पीत होती.

मग पडद्यावर एक उडी आली. आणखी एक आली. मग पुन्हा नेहमीसारखं सुरू झालं.

"म्हणजे मी मेले होते का?" तिनं विचारलं.

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "थांबला होतात."

त्यांनी समजावून सांगितलं. हृदयाला हळू चल, जोरात चल असं सांगणारी जागा मेंदूत असते. यांची फिट त्या जागेच्या शेजारी सुरू होते आणि पसरत तिथं जाते. मग मेंदू हृदयाला सांगतो, थांब. आणि ते थांबतं. हृदय थांबलं की डोक्याला रक्त जात नाही, म्हणून चेहरा पांढरा, अंग ढिलं, म्हणून पडणं.

मी म्हटलं, "म्हणजे मोटर चांगली आहे. ब्रेकला चुकीचा सिग्नल जातोय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग तसंच समजा."

घरात सगळ्यांच्या मनात एकच आलं असणार. इतकी वर्षं आम्ही मोठीला घाबरलो आणि धाकटीला चहा पाजला.

उपाय पेसमेकरचा होता. छातीत कातडीखाली एक छोटं मशीन बसवायचं. ते नुसतं लक्ष ठेवतं. हृदय चालू असेल तोवर गप्प राहतं, थांबलं की इशारा देतं. हे मला लगेच पटलं. वीज गेली की लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडून देणारी बॅटरी असते, तसंच हे. मॅडमनी मात्र दोनदा बजावलं, "यानं पडणं थांबेल. फिट थांबणार नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि मोठी फिट झोपेत आली, माणूस पालथं असलं, तर श्वासाचा धोका असतो. तो या मशीनच्या हातात नाही. आपण तो कमी करू शकतो, संपवू शकत नाही."

मी मान हलवली. बायकोनं मात्र यातलं किती ऐकलं कोण जाणे. तिचा एकच प्रश्न होता.

"मॅडम, मग कडी लावता येईल का?"

"कसली कडी?"

तिला सांगवेना. मी सांगितलं. बाथरूम, गुणगुणणं, पाढे, सगळं. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशीन बसू दे. वर्षभर एकदाही पडला नाहीत तर त्या तपासणीला मला पुन्हा विचारा."

"हो म्हणाल?"

"विचारा तर खरं."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हो म्हणणार त्या. नाही म्हणायचं असतं तर आत्ताच म्हटलं असतं."

*

मशीन बसलं. डाव्या खांद्याच्या खाली एक छोटा उंचवटा दिसायचा. शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, "मोबाइल जवळ आणला तर चालतं का? मिक्सर लावला तर?" बायको म्हणाली, "काकू, लांबून बोला. वीज गेली तर मात्र जवळ या, माझ्यावर तुमचा पंखा लावू."

नंतर एक दिवस मी समोर असताना धाकटी आली. बायको पडद्याला दोरा घालत होती. ओठ हलले, कापड चिवडायला लागली, चेहऱ्याचा रंग जरा उतरला. मी उठलो. हात तिच्या खांद्याखाली न्यायला पुढं केले आणि तसाच उभा राहिलो. ती बसलेलीच होती. खुर्चीत ताठ बसली होती. मान कलली नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे मिचकावले आणि मला हात पसरून उभा बघून विचारलं, "हे काय? नाच करताय का?"

"धाकटी आली होती."

"आणि मी?"

"बसली होतीस."

"बसले होते?" तिनं खुर्चीच्या हातांना धरून बघितलं. मग जिन्याकडे तोंड करून ओरडली, "वन्सं! धाकटी आली होती आणि मी बसून राहिले!"

कडी तिनं स्वतः निवडली. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर दुकानदारानं पाच-सहा कड्या काढून ठेवल्या. तिनं प्रत्येक कडी सरकवून, कान जवळ नेऊन, पुन्हा सरकवून बघितली.

"वहिनी, कडी आहे ती," दुकानदार म्हणाला. "वाजवून काय बघताय?"

"आत कडी लागली हे बाहेरच्याला ऐकू आलं पाहिजे."

"मग कुलूपच घ्या की मोठं."

"कडी घ्यायला आलेय, सल्ला घ्यायला नाही," ती म्हणाली, आणि पितळेची एक जाड कडी उचलली. ती सरकवली की खट् असा आवाज यायचा. जुन्या कडीपेक्षा ती बोटभर लांब होती.

घरी आल्यावर मी लगेच ड्रिल काढलं. तिनं ते माझ्या हातातून घेऊन परत पिशवीत ठेवलं.

"मॅडमनी हो म्हटल्याशिवाय नाही."

"अगं, बसवून ठेवू. वापरू नकोस."

"दारावर दिसत राहिली तर मी लावीन. आणि मला चोरून नाही लावायची. हो म्हणतील, मग तुम्ही बसवा, मग मी आत जाईन आणि तुम्ही सगळे बाहेर गप्प बसा. हाक मारायची नाही. कितीही वेळ लागला तरी."

कडी तिनं शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या बाजूला ठेवली. काम करता करता मध्येच खण उघडून ती सरकवायची. बाहेरच्या खोलीत मला खट् ऐकू यायचं.

वर्षभर ती एकदाही पडली नाही. तपासणीचा आठवडा आला तशी तिनं डोक्याला लावायचं तेल, नवीन टॉवेल असं काय काय आणून ठेवलं. सासरहून माहेरी निघालेल्या बाईसारखी तयारी चालली होती. बहीण म्हणाली, "वहिनी, अंघोळीलाच चाललीयस ना? की मुक्कामाला?"

त्या आठवड्यात, जेवून जरा पडलेली असताना, ती गेली.

*

तपासणीच्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. वेळ घेतलेली होती, रद्द करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मॅडमना कळलेलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"ती धाकटी नव्हती ना?" मी विचारलं.

"नाही. दहनाआधी काढून घेतलेलं मशीन तपासलं आम्ही. त्यानं त्याचं काम केलं. शेवटपर्यंत केलं." त्यांनी फाइल मिटली. "मोठी आली असणार, झोपेत. तोंड उशीत होतं. फिट संपल्यावर श्वास परत सुरू व्हायला हवा, तो झाला नाही. मग हृदय. खात्रीनं सांगू शकत नाही, पण असंच झालं असावं. मी तुम्हाला म्हटलं होतं..."

"म्हटलं होतंत. मी ऐकलं होतं."

"बाजूला कुणी असतं तर कदाचित फरक पडला असता, कदाचित नाही. माणूस चोवीस तास कुणाच्या बाजूला बसू शकत नाही. आणि त्यांना ते आवडलंही नसतं."

ते खरं होतं.

मी विचारलं, "ते मशीन अजून चालू आहे का?"

"हो. बॅटरी पुष्कळ वर्षांची असते."

मी खुर्ची पुढं ओढली. मग म्हटलं, "तिचा एक प्रश्न होता. आज विचारायचा होता."

"कडीचा," मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवली. मला बरं वाटावं म्हणून पटकन हो म्हणाल्या असत्या तर मला चाललं नसतं, आणि ते त्यांना कळलं असावं. त्यांनी टेबलावरची वस्तू उगाच इकडची तिकडे केली आणि म्हणाल्या, "हो म्हटलं असतं. पण घरात दुसरं कुणी असेल तेव्हाच, अशी अट घातली असती."

मला हसू आलं. "ती भांडली असती तुमच्याशी."

"भांडल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आणि मी ऐकलं असतं का, ते मला सांगता येत नाही."

*

आता घरात मी असतो, बहीण येऊन जाऊन असते. मला सगळ्यात अवघड जातं ते माझे कान. इतकी वर्षं ते बाथरूमच्या दाराकडे लावलेले होते. पेपर वाचताना, जेवताना, कुणाशी बोलतानासुद्धा. आता तिकडून आवाज येत नाही आणि प्रत्येक वेळी माझं अंग उठायला बघतं. पाय जमिनीला टेकतात. मग आठवतं.

मागच्या आठवड्यात लेक आली होती. सकाळी ती अंघोळीला गेली, दार लोटलं, आणि थोड्या वेळानं आतून गुणगुणणं सुरू झालं. मी पेपर खाली ठेवला. स्वयंपाकघरातून बहीण बाहेर आली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. सूर तिच्या आईचा नव्हता, हिचा होता, जरा बेसूर. मग तो थांबला, आणि बहिणीच्या तोंडून निघून गेलं, "काय गं?"

"आहे, आत्या," आतून आवाज आला. मग पाणी पडण्याचा आवाज थांबला. पुष्कळ वेळ आतून काहीच आलं नाही, आणि आम्हाला कळलं की ती रडते आहे.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला फिट येत नाही. मी कशाला गुणगुणते?"

"तू काय," बहीण म्हणाली, "हा तुझा बापसुद्धा गुणगुणतो. मी खाली राहते, मला पाइपमधून ऐकू येतं."

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

"ती कडी बसवून टाका," लेक म्हणाली. "आता कुणाच्या 'हो'ची वाट बघायची?"

लेक परत गेल्यावर मी मशीनचा खण उघडला. निळ्या पडद्याचं कापड अजून सुईखाली आहे, त्याला मी हात लावला नाही. कडी काढली, पुसली आणि बाथरूमच्या दारावर धरून बघितली. नवीन कडी लांब आहे, तिची भोकं जुन्या भोकांवर येत नाहीत. पुट्टी कोरून उपयोग नाही. पेन्सिल घेतली आणि नव्या भोकांच्या खुणा केल्या.

ड्रिल पिशवीत आहे. स्क्रू आहेत. भोकं पाडायची राहिली आहेत.